कोऱ्या हाताची बाई

टॉमीचा पहिला फटका मापाड्याच्या डाव्या गुडघ्यावर बसला. दुसराही तिथेच बसला. टॉमी म्हणजे ट्रकचं चाक खोलायला ड्रायव्हर वापरतात तो लोखंडी दांडा. म्हातारा ओरडला नाही. तो वजनकाट्याच्या पाटावर बसला आणि मग कुशीवर कलंडला. भर दुपार होती. पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, शेकडो पोती मिरची वाळत पडली होती आणि बायका रांगेने बसून देठ खुडत होत्या. मी पेपरसाठी आवकेची माहिती घ्यायला गेलो होतो आणि गेटच्या आत होतो.

मारणारा माझ्या घराच्या खालच्या मजल्यावर राहायचा. तो मिरचीचा ट्रक चालवायचा. कधी गुजरात, कधी त्याच्याही पुढे. दीड-दोन महिने घरी येत नसे. त्याची बायको याच पथारीवर कामाला होती. मार खाणारा मापाडी साठीच्या पुढचा होता, शहरातल्या जुन्या मुसलमान वस्तीतला. बायका त्याला चाचा म्हणत. भांडण नवरा-बायकोचं होतं. मापाड्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्याचा गुडघा दुखायचा, एवढंच त्याच्या विरोधात गेलं.

हे समजण्यासाठी पथारीवरची एक पद्धत माहीत असायला हवी.

ओली लाल मिरची मैदानावर पसरून वाळवतात. तिचे देठ हाताने खुडावे लागतात. दुपारपर्यंत बायकांची बोटं पेटतात. तो हात डोळ्याला लागला तर माणूस जमिनीवर लोळतो. तान्हं मूल असलेली बाई घरी गेल्यावर हाताला तेल चोळते, मग राखेने धुते, मगच मुलाला घेते. अशा हाताने मोबाइल धरला तर तिखट काचेवर राहतं आणि पुढच्या फोनला गालाला लागतं. म्हणून सकाळी कामावर बसताना बायका आपापले फोन रुमालात गुंडाळून एका बाईकडे देतात. ती मिरचीला हात लावत नाही. ती भरलेल्या पोत्यांची तोंडं दाभणाने शिवते. तिच्या हाताला सुतळीचा वास असतो, तिखट नसतं. तिला म्हणतात कोरा हात.

ड्रायव्हरची बायको ही त्या हंगामात पथारीवरची कोरा हात होती. सातवी शिकलेली. फोन वाजला की ती उचलायची आणि ज्या बाईचा असेल तिच्या कानाला लावायची. पण बहुतेक फोन साधे होते किंवा त्यांच्यात नेट नसे. तिच्या फोनमध्ये असे, कारण नवरा बाहेरगावाहून व्हिडिओ कॉल करायचा. त्यामुळे ज्या बाईला जे विचारायचं असेल ते तिच्या फोनवर विचारलं जायचं.

मी ते पाहिलेलं आहे. बायका खुडता खुडता अहिराणीत बोलत आणि ती फोन तोंडाशी धरून तेच पुन्हा म्हणे.

"ए कोरा हात, सुरतमा खोली कितीले भेटस ते इचार ना व."

"आनि केस काया कराना इचार. ते पुडीवाला नको, खाज येस."

"तुन्हा नवरा तर टकला शे, तुले कसाले पाहिजे?"

"टकला शे म्हनीसनच आरसा माले एकलीले भेटस."

मापाड्यानेही एकदा काट्यावरून ओरडून गुडघ्याच्या पट्ट्याची चौकशी करायला सांगितली होती. पट्टा तिने त्याच्यासाठी मागवूनही दिला. अधूनमधून पडद्यावर पाटी येई. तुम्ही कुठे आहात ते पाहू का, आवाज ऐकू का, तुमच्या आवडीच्या जाहिराती दाखवू का. ती दाभण हातातच ठेवून अंगठ्याने 'हो' दाबायची. 'नाही' दाबलं तर पुन्हा विचारतं, असं ती म्हणायची. यात तिची चूक नव्हती. ते खरोखरच पुन्हा विचारतं.

जाहिरात विकणाऱ्या कंपनीला बाई दिसत नाही, फोन दिसतो. त्या फोनवरून कंपनीने एक माणूस तयार केला. त्याचे केस पांढरे होते, गुडघा दुखत होता, त्याला सुरतेत खोली हवी होती आणि पुरुषी ताकदीचं औषध हवं होतं. हे औषध एका मजूर बाईने नवऱ्यासाठी विचारलं होतं. आणि त्याच माणसाला पाळी चुकल्यावर घरी करायची तपासणीही हवी होती.

हे शेवटचं एका मुलीने विचारलं होतं. मुलगी अविवाहित, त्याच पथारीवर देठ खुडणारी. ती पोती मोजायच्या निमित्ताने कोऱ्या हाताजवळ गेली आणि कानात बोलली. त्या वेळी ड्रायव्हरच्या बायकोने फोन तोंडाशी धरला नाही, अक्षरं दाबली. मुलीचे दोघे भाऊ तिथेच हमाल होते. त्यांच्यातल्या थोरल्याने आदल्या वर्षी बहिणीशी नुसतं बोलणाऱ्या एका पोराच्या दोन्ही हातांवर पोती भरलेली हातगाडी चढवली होती. ती बातमी मीच केली होती. अपघात अशी.

ड्रायव्हर फेरीवरून परतला तेव्हा त्याच्या फोनचं नेट संपलेलं होतं. त्याने बायकोचा फोन घेऊन व्हिडिओ लावले. दर व्हिडिओच्या आधी जाहिरात. बाळाचे कपडे. गरोदरपणाची तपासणी. प्रसूतीचा दवाखाना. आई होणार आहात का, असं विचारणारी हसरी बाई. ती हसरी बाई त्याने किती वेळा पाहिली माहीत नाही. चौकातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे तो गेला. तो त्याचा मित्र होता. मित्राने सांगितलं, "जे शोधशी तेच दाखाडस तो. फोन खोटं बोलत नही रे भाऊ." हे वाक्य ड्रायव्हर पुढे सगळ्यांना सांगत होता.

संध्याकाळी खालून भांडी पडल्याचा आवाज आला. मग पाटा पडल्यासारखा. मग तिचा आवाज, एकदाच. मी आणि माझी पत्नी खाली उतरलो तोवर तो तिला केसांना धरून जिन्यापर्यंत ओढत आला होता. तिचा ओठ फाटला होता. त्याच्या दुसऱ्या हातात तिचा फोन होता. त्याने फोन माझ्यापुढे धरला.

"दादा, तुम्ही पेपरवाला शेतस. तुम्हले समजस. हाई काय शे ते सांगा."

मी त्याला आधी तिचे केस सोडायला लावले. मग सांगितलं की जाहिरात फोनच्या वापरावरून येते, माणसावरून नाही. पथारीवर अनेक बायका हा फोन वापरतात, हे त्यालाही माहीत असायला हवं.

"मंग कोनी शोधं? नाव सांग म्हना तिले."

ती जिन्याच्या पायरीवर बसली होती. ओठाला पदर लावून म्हणाली, "दुसरीनं शे ते. नाव मी सांगाव नही."

"नाव नही म्हंजे बाईच नही."

मी त्याला त्याचाच फोन काढायला सांगितला आणि आमच्या घरच्या नेटवर जोडला. दुपारी दुरुस्तीवाल्या मित्राच्या नेटवर त्याने त्या तपासणीबद्दल आपल्याच फोनवर वाचलं होतं, हे त्यानेच कबूल केलं. पहिल्या व्हिडिओला तीच हसरी बाई आली. आई होणार आहात का? मी म्हणालो, आता हे तुझ्या फोनवरही आहे. मग?

तो फोनकडे बघत राहिला. मला वाटलं समजलं. तो वळला आणि बायकोच्या बरगडीत लाथ घातली.

"मन्हा फोनबी वापरा तुनी!"

मी पोलिसांना बोलावलं. शिपाई आला. त्याने दोघांचंही ऐकून घेतलं, ड्रायव्हरला दोन कानाखाली दिल्या, घरचा मामला आहे, नीट राहा, म्हणाला आणि गेला. जाताना त्याने मला विचारलं की आपण नुसतं बोललो तरी फोन ऐकतो हे खरं का. त्याच्या घरी बायकोने मिक्सरचं नाव काढलं आणि मिक्सर दिसायला लागले, त्याला ते आवडलं होतं. स्वस्तात मिळाला.

त्या रात्री ती आमच्याकडे झोपली. माझ्या पत्नीने बरगडीला शेक दिला आणि नाव सांगून टाक म्हणून समजावलं. ती म्हणाली, "भाभी, मी खासू ना मार, मरावू नही. ती पोरले ते जित्ती ठेवतीन का?" कोण पोर, हे तिने तेव्हा पत्नीला सांगितलं. पत्नीने मला. आमच्यापुढे ते गेलं नाही. मुलीचं पुढे काय करायचं ते दोघींनी ठरवलं आणि एका आठवडी सुट्टीला माझी पत्नी त्या मुलीला घेऊन जिल्ह्याबाहेरच्या दवाखान्यात जाऊन आली. ते काम झालं. पण त्याआधी पथारीवरचं घडलं.

ड्रायव्हर पुढच्या फेरीला गेला नाही. पानटपरीवर बसून तो बायकोच्या फोनमधल्या जाहिराती एकेक दाखवायचा. फोन त्याने काढून घेतला होता. टपरीवरच्यांनी त्यातून माणूस जुळवला.

"केस काया करस म्हंजे पिकेल शेतस."

"गुडघा दुखस. वर ताकदनी दवाई!"

"अरे तुन्ही बायकोना यार म्हातारा शे रे! तुन्हापेक्षा म्हातारा! तो तरी घर ऱ्हास."

ते हसले. हे हसणाऱ्यांपैकी एकाने नंतर मला शब्दश: सांगितलं आणि सांगतानाही हसला. तरुण माणसाचा संशय ड्रायव्हरने कदाचित गिळला असता. म्हातारा त्याला सहन झाला नाही. तो टपरीवरून उठला, ट्रककडे गेला, टॉमी घेतली आणि पथारीवर आला.

गेटमधून आत येताच काटा लागतो. काट्याशी मापाडी उभा होता. दाढी मेंदीने लाल केलेली. पायजम्यावरून डाव्या गुडघ्याला पट्टा बांधलेला. निळा, मधे गोल भोक असलेला. जाहिरातीत होता तोच पट्टा. मी पुढे नेहमी विचार केला आहे की पट्टा पायजम्याच्या आत असता तर काय झालं असतं. ड्रायव्हर त्याच्यापुढे थांबला आणि फोन त्याच्या तोंडाजवळ नेला.

"हाऊ पट्टा कोठून लिया?"

म्हातारा चष्म्यावरून बघत म्हणाला, "तुन्ही घरवालीनी मागाडी दिया ना, बेटा. बरा शे. तुले पाहिजे का?"

त्यावर ते दोन फटके बसले.

तिसरा फटका उचलेपर्यंत बायका उठल्या होत्या. त्या ओरडत होत्या, सगळ्या एकदम, म्हणून काही कळत नव्हतं. ड्रायव्हरची बायको पोत्यांकडून धावत आली आणि म्हाताऱ्याच्या अंगावर आडवी पडली. ड्रायव्हर थांबला. टॉमी वरच होती. तो ओरडला, "कोन शे सांग! हाऊच ना? सांग!"

तेव्हा एक मजूर बाई पुढे झाली. केस रंगवणारी. तिने डोक्यावरचा पदर ओढून काढला.

"देख! देख मन्हा केस! ते मी इचारेल व्हतं. म्हाताराले काय मारस?"

दुसरी म्हणाली, "सुरतनी खोली मन्हा पोरनी. तो तठे कापडना कारखानामा शे."

"आनि ती दवाई मन्हा नवराकरता!" एक जाडी बाई ओरडली. "जाय, त्याले मार! त्याना काही उपयोग नही, तुन्हा हाते मरी तर बरं!"

हमालांमध्ये हसू फुटलं. म्हातारा खाली रक्ताळलेला आणि ते हसत होते. ड्रायव्हरचा हात थोडा खाली आला. तो एकेक गोष्ट मोजत असावा. केस, खोली, औषध, पट्टा. टपरीवर जुळवलेला माणूस त्याच्या डोळ्यांपुढे सुटा होत होता. मग तो म्हणाला, "आनि पोट? पोट कोनं?"

हसणं थांबलं.

मुलगी रांगेच्या टोकाला उभी होती. तिच्या मुठीत मिरच्या होत्या आणि त्या तिने इतक्या दाबल्या होत्या की बी बाहेर आलं होतं. तिचा थोरला भाऊ तिच्यापासून हातभर अंतरावर होता. त्याच्या खांद्यावर पोतं उचलायचा लोखंडी आकडा होता. तो आजूबाजूच्या बायकांच्या तोंडाकडे बघायला लागला. प्रत्येकीच्या. सावकाश. त्याला काही कळलं होतं असं नाही. पण तो बघत होता.

मुलीने तोंड उघडलं. मी ते पाहिलं.

"ते मन्हं," ड्रायव्हरची बायको म्हणाली. तिने मुलीकडे बघितलं नाही. म्हाताऱ्याच्या अंगावरून उठून ती उभी राहिली. "मन्हंच शोधेल शे. दुसरी कोनी नही. काय करस ते कर."

त्याने टॉमी फिरवली. तिने हात वर घेतला म्हणून डोकं वाचलं. कोपराच्या खाली हात वाकडा झाला, जिथे वाकायला नको तिथे. ती गुडघ्यावर आली. त्याने पुन्हा उचलली, आणि तेव्हा ती जाडी बाई मागून त्याच्या पाठीवर चढली आणि दोन्ही हात त्याच्या तोंडावर फिरवले. सकाळपासून मिरची खुडलेले हात. मग दुसरीने. मग कितीतरी हात. डोळ्यांत, नाकात, फाटलेल्या शर्टाच्या आत. तो ओरडला तो आवाज मी माणसाच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता. टॉमी पडली. तो जमिनीवर मिरचीच्या थरात लोळला, त्यामुळे आणखी भाजला. बायका त्याला पायांनी तुडवत होत्या. कोणी त्यांना आवरलं नाही. मीही नाही.

शेवटी हमालांनी त्याला ओढून पाण्याच्या टाकीपाशी नेलं. मुलीचे भाऊ त्यांत होते. थोरला परत येताना ड्रायव्हरच्या बायकोजवळ थांबला. ती मोडलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. तो तिच्यापुढे थुंकला.

"असी बाई घरमा व्हती तर मी कापी टाकतू," तो म्हणाला आणि मागे वळून बहिणीला म्हणाला, "आयकं का?"

बहीण म्हणाली, "आयकं."

दुसऱ्या दिवशीच्या अंकात क्षुल्लक कारणावरून मापाड्यास मारहाण अशी एका कॉलमची बातमी आली. क्षुल्लक हा शब्द मी लिहिला नव्हता, पण मी काढलाही नाही. खरं कारण लिहायचं तर जाहिरात लिहावी लागली असती, जाहिरातीमागे कोण ते लिहावं लागलं असतं. पोलिसांनी फोन मुद्देमाल म्हणून जमा केला. जबाब घेताना फौजदाराने तिला विचारलं, "गरोदर आहेस?" ती म्हणाली, "नव्हती. शंका होती." "कुणापासून?" ती म्हणाली, "ते सांगणार नाही." शाळेत शिकलेलं मराठी बोलली ती, त्या दिवशी पहिल्यांदाच मी ऐकलं. फौजदाराने शेजारच्या हवालदाराकडे बघून भुवया उडवल्या आणि लिहून घेतलं. तिने डाव्या हाताने सही केली.

म्हातारा वाचला. चालतो, पण काठीने, आणि काट्यावर परत आला नाही. ड्रायव्हर जामिनावर सुटला. त्याच्या एका डोळ्याला कमी दिसतं, त्यामुळे परवान्याचं अवघड झालं. तो सारंगखेड्याकडे भावाच्या शेतावर गेला. जाण्याआधी त्याने तिचं सामान जिन्यात फेकलं आणि कुलूप लावलं. गल्लीतल्या बायकांनी तिच्याशी बोलणं सोडलं. आमच्याकडे ती काही दिवस होती, मग तिने पथारीच्या मागे एक पत्र्याची खोली घेतली.

हात प्लास्टरमध्ये होता तरी ती कामावर आली. एका हाताने दाभण चालत नाही, म्हणून मुकादमाने तिला देठ खुडायला बसवलं. फोन सांभाळायचं काम आता कुणाकडेच नव्हतं. फोन पथारीवर आणायचाच नाही, असं मालकाने गेटवर लिहून लावलं होतं. तिच्या शेजारी कोणी बसायचं नाही. हमाल जाताना काहीतरी बोलून जायचे.

त्या आठवड्यात मी भाव घ्यायला गेलो तेव्हा ती मुलगी रांगेतून उठली, आपलं बसायचं फडकं उचललं आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. तिच्या ढिगातल्या मिरच्या खुडायला लागली. दोन्ही हातांनी, झपाट्याने. ड्रायव्हरची बायको हलक्या आवाजात म्हणाली, "ऊठ व. जाय तठे." मुलगी उठली नाही.

थोरल्या भावाने खांद्यावरचं पोतं तिथेच टाकलं. तो आला आणि बहिणीच्या वेणीला धरून तिला उभं केलं. तोंडावर एक मारली. "हाई बाईजोडे बसस? काय लागस ती तुन्ही?"

मुलीचा गाल लगेच सुजला. ती भावाकडे बघत होती. "लागस," ती म्हणाली. "मन्ही..."

ड्रायव्हरची बायको उठली. तिने चांगल्या हाताने ढिगातल्या मिरच्यांची मूठ भरली आणि सगळा जोर लावून मुलीच्या तोंडावर मारली.

"चोट्टी! मन्हा ढीगमा हात घालस? मन्ही मजुरी चोरस? निंघ आठेन!"

मुलगी डोळे धरून खाली वाकली. बायका बघत राहिल्या. ड्रायव्हरची बायको दुसरी मूठ भरून उभी होती आणि शिव्या देत होती, पथारीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जातील अशा. भाऊ हसला. त्याने बहिणीची वेणी सोडली. "देखं?" तो म्हणाला. "देखं कसी शे ती?"

मुलगी चाचपडत टाकीकडे गेली. भावाने पोतं पुन्हा खांद्यावर घेतलं. ड्रायव्हरची बायको खाली बसली आणि खुडायला लागली.